हॅचमेंटला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या खेड्यातल्या चर्चच्या वर्णनात भिंतीवरचे 'हॅचमेंट' येते, त्याला 'राजमुद्रा' म्हणावे का?

नको. मुद्रा म्हणजे शिक्का, तो उमटवतात. हॅचमेंट रंगवलेले असते. लाकडावर किंवा कॅनव्हासवर मृताचे कुलचिन्ह काढून भोवती काळी चौकट ठोकत आणि ही चौकोनी पाटी एका टोकावर उभी टांगत, शंकरपाळ्यासारखी. सतराव्या शतकात ही चाल नेदरलंड्सकडून इंग्लंडात आली. पाटी आधी मृताच्या घराच्या दर्शनी भिंतीवर सहा महिने ते वर्षभर राही, मग गावच्या चर्चमध्ये जाई. हॅम्पशरमधल्या ब्रेमरच्या (Breamore) चर्चमध्ये हल्स घराण्याच्या अशा पाट्या आहेत.

शब्द आला 'अचीव्हमेंट'वरून, पण इथे त्याचा अर्थ पराक्रम नव्हे. ढाल, शिरस्त्राण, त्यावरचा तुरा, बोधवाक्य अशा सगळ्या अंगांसह मांडलेल्या कुलचिन्हाला 'अचीव्हमेंट' म्हणतात. तोच शब्द तोंडी झिजला आणि पुढे 'ह' चिकटला.

भाषांतरात सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो बाजूंचा. जोडप्याच्या ढालीत उजवा अर्धा नवऱ्याचा, डावा बायकोचा. ज्या अर्ध्यामागे काळा रंग ती व्यक्ती गेलेली, पांढरा असेल ती मागे उरलेली. दोन्हीकडे काळा असेल तर जोडीदार आधीच वारलेला. मात्र ही उजवी बाजू ढाल धरणाऱ्याची, म्हणजे पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला. हे विसरलात की मजकुरात जिवंत माणूस मेलेला होतो. तसेच खालच्या पट्टीवर पुष्कळदा 'रेसुर्गाम' असते. ते घराण्याचे नाव नव्हे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'मी पुन्हा उठेन'.

'स्मृतिफलक' म्हटले की नाव आणि तारखा अपेक्षित असतात. इथे बहुधा त्या नसतात, चिन्हावरूनच माणूस ओळखायचा. 'श्रद्धांजली फलक' म्हटले तर चौकातला फोटोचा बोर्ड डोळ्यांपुढे येतो. 'देवक' तर लग्नकार्यातले, त्याचा इथे संबंध नाही. मला 'शोकफलक' चपखल वाटतो. डच लोकही याला 'रौबोर्ड' म्हणतात, शब्दशः शोकाची पाटी. पहिल्या उल्लेखात 'हॅचमेंट, म्हणजे कुलचिन्ह रंगवलेला शोकफलक' असे लिहा, पुढे नुसते 'शोकफलक' पुरे.