आईचा कॅन्सर बरा झाला तरी घर पूर्वीसारखं का होत नाही?

तुम्ही विचारलंय की आईला ब्रेस्ट कॅन्सर होता, ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं संपून आठ महिने झाले, रिपोर्ट क्लिअर आहेत, रोजची हार्मोनची गोळी चालू आहे, पण आई गप्प गप्प असते, छोट्या गोष्टीवरून चिडते, रात्री झोपत नाही, बाबा उगाच काम काढून बाहेर राहतात आणि तुम्हाला स्वतःला कारण नसताना रडू येतं. हे नॉर्मल आहे का आणि आता काय करायचं?

मी तुमच्या आईच्या बाजूने उत्तर देते कारण सहा वर्षांपूर्वी मी तिच्याच जागेवर होते. आजार तोच, गोळी पण बहुतेक तीच. डॉक्टर नाहीये मी, पण तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते वाचलंय आणि बऱ्याच बायकांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोललेय.

हो, असं होतं, आणि खूप जणांचं होतं. ट्रीटमेंट चालू असताना मनाला विचार करायला वेळच नसतो, केमोची पुढची सायकल कधी, रक्तातल्या पेशींचा काउंट किती, उलटी थांबली का, त्यातच दिवस जातो. शेवटचं रेडिएशन झालं आणि डॉक्टर म्हणाले आता तीन महिन्यांनी या, तेव्हा घरचे सगळे खूश होते आणि मला मात्र पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालं, कारण तोपर्यंत रोज कोणीतरी माझ्यावर लक्ष ठेवून होतं आणि आता कोणीच नव्हतं. फोन पण हळूहळू बंद झाले, लोकांच्या हिशोबाने विषय संपला होता. फिट्झह्यू मुलान नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरला स्वतःला कॅन्सर झाला होता आणि त्याने 1985 मध्ये लिहिलं की बरं होणं हा एक क्षण नसतो, त्याचे तीन टप्पे असतात, पहिला ट्रीटमेंटचा, दुसरा ट्रीटमेंट संपल्यावरचा आणि तिसरा खूप पुढचा. तुमची आई दुसऱ्यात आहे. त्यात शरीर थकलेलं असतं आणि मनात परत होईल ही भीती असते. पाठ दुखली की हाडात गेला का, डोकं दुखलं की मेंदूत गेला का, सतत मनात पाल चुकचुकत राहते आणि चेकअपची तारीख जवळ आली की जीव टांगणीला लागतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. तुमच्या घरात प्रत्येक जण दुसऱ्यापासून भीती लपवतोय. आई गप्प आहे कारण तुम्हाला अजून त्रास नको, बाबा बाहेर राहतात कारण आईसमोर चेहरा पडला तर काय, आणि तुम्ही रडता ते बहुतेक बाथरूममध्ये दार लावून. आमच्याकडे हेच होतं. माझा मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, रात्री दोन-अडीचला उठून माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहायचा. मी जागीच असायचे पण त्याची पावलं ऐकली की डोळे मिटून झोपल्यासारखा श्वास घ्यायचे म्हणजे तो निश्चिंत जाईल. तो जायचा, पण झोपायचा नाही आणि मी पण नाही. चार महिने चाललं हे. एका रात्री मला खोकला आला आणि सोंग उघडं पडलं, तर तो तिथेच जमिनीवर बसला आणि म्हणाला, आई मला वाटतं तू झोपेत जाशील. मी म्हटलं मला पण तेच वाटतं रे. बस एवढंच बोललो, कोणी कोणाची समजूत काढली नाही, पण त्या रात्री खूप दिवसांनी मला झोप लागली.

म्हणून आईला पॉझिटिव्ह रहा म्हणू नका. प्रेमापोटीच म्हणतात सगळे, पण ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ असा लागतो की मी घाबरले, रडले तर कॅन्सर परत येईल आणि तो माझा दोष असेल. मन आनंदी ठेवल्याने कॅन्सर परत येत नाही असा ठोस पुरावा अभ्यासांत मिळालेला नाही, आणि उदास झाल्याने तो परत येतो असाही नाही. हे मला कळलं तेव्हा छातीवरचं ओझं उतरलं, तोपर्यंत मी उसनं अवसान आणून हसत होते. त्याऐवजी साधं विचारा, चेकअप जवळ आलाय, भीती वाटतेय का, मला तर वाटतेय. आणि ती बोलायला लागली की मध्येच धीर द्यायची घाई करू नका, हे सगळ्यात अवघड आहे, पण फक्त ऐका. एकदम बोलेलच असं नाही, माझ्या नवऱ्याने तीनदा विचारल्यावर मी चौथ्यांदा बोलले.

चिडचिडीचं म्हणाल तर तिच्या थकव्याबद्दल पण समजून घ्या. हा थकवा झोप काढून जात नाही, तिच्याकडे बघून कळत पण नाही, आणि त्यात शब्द आठवत नाहीत, एका खोलीतून दुसरीत गेल्यावर कशाला आलो ते विसरायला होतं. केमोनंतर बऱ्याच जणांना हे होतं. मला वाटायचं माझं डोकंच कामातून गेलं आणि कोणी काय गं विसरलीस का म्हटलं की मी अंगावर जायचे. या थकव्यावर गंमत म्हणजे आरामापेक्षा हालचालीचा जास्त उपयोग होतो, डॉक्टरांना विचारून आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास भरभर चालणं चालू करा आणि तिला एकटीला पाठवू नका, बरोबर जा. चालताना बोलणं पण सोपं जातं कारण एकमेकांच्या डोळ्यात बघावं लागत नाही. शरीर बदलल्याचं दुःख वेगळं असतं, आरसा, कपडे, नवऱ्याजवळ जाणं. त्यावर ती मुलीशी बोलेलच असं नाही आणि तुम्ही खोदून विचारू पण नका, तेवढी जागा तिला राहू द्या.

आता मदत कधी घ्यायची. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच रस नसेल, किंवा भीतीमुळे चेकअपच टाळत असेल किंवा उलट रोज दहा वेळा अंग चाचपून बघत असेल तर थांबू नका. आणि जगण्यात अर्थ नाही असं एकदा जरी म्हणाली तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. कॅन्सरच्या पेशंटच्या मनावर काम करणारी सायको-ऑन्कॉलॉजी नावाची वेगळी शाखाच आहे, जिमी हॉलंड या डॉक्टरबाईंनी 1977 मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये त्यासाठी विभाग सुरू केला होता. ते लोक एक अगदी सोपं साधन वापरतात, थर्मामीटरसारखं चित्र असतं, 0 ते 10, गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला त्यावर खूण करायची, 4 किंवा जास्त आलं तर पुढे नीट तपासायचं. आम्ही हे घरी बोलण्यापुरतं वापरतो, आज किती गं, सहा, बरं. कसं वाटतंय याला मी नेहमी ठीक म्हणायचे, आकडा विचारला की खरं बाहेर यायचं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. आईची हार्मोनची गोळी टॅमॉक्सिफेन असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना ते पहिल्यांदा सांगा, कारण पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन यांसारखी डिप्रेशनची काही औषधं शरीरात टॅमॉक्सिफेनचं कामाचं रूप तयार होणं कमी करतात. दुसरी औषधं असतात, ती ते देतील. कोणाच्या सांगण्यावरून मेडिकलमधून गोळी आणून चालू करू नका आणि चालू असलेली मनाने बंद पण करू नका. आणि पहिले डॉक्टर नीट ऐकत नसतील तर दुसरे बघा. मला एकांनी सांगितलं होतं की जीव वाचलाय, आता रडताय कशाला, मी त्यानंतर वर्षभर कोणाकडेच गेले नाही, ते वर्ष मी उगाच घालवलं.

राहिले तुम्ही आणि बाबा. 2013 मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात दिसलं की काही वर्षांनंतर पेशंटमध्ये डिप्रेशनचं प्रमाण साधारण बाकी लोकांइतकंच असतं पण अँग्झायटी म्हणजे सततची धास्ती जास्त राहते, आणि जोडीदारांमध्येही ती पेशंटपेक्षा कमी नव्हती. मला हे वाचून माझा नवरा आठवला. त्याने सगळ्या ट्रीटमेंटची एक वही ठेवली होती, तारखा, काउंट, गोळ्या. ट्रीटमेंट संपल्यावर एकदा ती सहज उघडली तर त्याने पुढच्या पाच वर्षांच्या चेकअपच्या तारखा अंदाजाने आधीच लिहून ठेवल्या होत्या, प्रत्येक तारखेपुढे मोकळी ओळ. या माणसाला मी दगड समजत होते, काही बोलतच नाही म्हणून. त्याला या सगळ्यात तुझं कसं चाललंय असं एकाही माणसाने विचारलं नव्हतं, मी पण नाही.

तर बाबांना चिडून तुम्ही घरी का थांबत नाही असं विचारू नका. ते बाहेर निघाले की तुम्ही पण चपला घाला आणि सोबत जा. तुमच्या रडण्याचं आधी त्यांना सांगा, आईला नंतर.