वाचकांचे प्रश्न : पोलोला ब्रेकच्या मोठ्या डिस्क टाकू का?

प्रश्न : नमस्कार दादा. माझी २०१५ ची पोलो जीटी टीएसआय आहे, १.२ इंजिन, डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), ७२ हजार किलोमीटर झालेत. मागच्या महिन्यात पाचगणीहून वाईला उतरताना पसरणी घाटात अर्ध्यावर आल्यावर जळका वास यायला लागला आणि ब्रेक लागेनासा झाला, म्हणजे पायडल घट्टच होतं, खाली वगैरे गेलं नाही, पण कितीही दाबा गाडी हवी तशी थांबेना. घरचे सगळे गाडीत, घाम फुटला. वाईत अर्धा तास चहा पिऊन निघालो तर ब्रेक एकदम मस्त!! आता मित्र म्हणतात स्टॉक ब्रेक फालतू आहेत, मोठी डिस्क टाक. एकाने ३१२ मिमी डिस्क आणि चार पिस्टनचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) असं किट सांगितलंय, खर्च लाखाच्या घरात जातोय. माझ्या डिस्क मोजल्या तर २५६ मिमी भरल्या, जाडी २२. टायर कंपनीचेच १८५/६० आर १५. ब्रेक ऑइल कधी बदललं आठवत नाही. टाकू का किट?
— पोलोवाला, सातारा

उत्तर : किट आत्ता टाकू नका. लाखभर रुपये हातात असतील तर त्यातले दहा-पंधरा हजार आधी मी सांगतो तिथे घाला, आणि मग बघा उरलेले घालावेसे वाटतात का.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे पायडल घट्ट होतं हे. ब्रेक घाटात दोन तऱ्हांनी जातो. एक, ब्रेक ऑइल उकळतं, त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते म्हणून पायडल स्पंजसारखं मऊ होऊन खाली जातं. दुसरं, पॅडचं, म्हणजे डिस्कवर दाबून घासणाऱ्या तुकड्याचं मटेरियल त्याच्या सोसण्यापलीकडे तापतं आणि डिस्कवर घासण्याऐवजी सरकायला लागतं, तेव्हा पायडल दगडासारखं आणि गाडी तशीच पुढे. तुमचं दुसरं झालं. वास आला, घट्ट राहिलं, थंड झाल्यावर परत आलं, सगळं जुळतंय. म्हणजे पॅड तापले. का तापले ते बघू.

पाचगणी समुद्रसपाटीपासून साधारण १२९० मीटरवर आणि वाई ७१८ वर, म्हणजे पावणेसहाशे मीटर उतार. माणसं धरून गाडी १३०० किलोची पकडली तर एवढं वजन एवढं खाली आणताना साधारण ७३ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. याउलट १०० च्या स्पीडवरून एकदा पूर्ण थांबायला साधारण ५ लाख जूल. म्हणजे तो घाट म्हणजे १०० वरून शून्यावर असे चौदा-पंधरा दणदणीत ब्रेक, आणि मधे थंड व्हायला वेळच नाही कारण वळणावळणाच्या रस्त्यावर स्पीड नसतो तर वारा कुठून लागणार. ही सगळी ऊर्जा ब्रेकमधूनच जावी असं काही नाही, थोडी टायर आणि हवेत जाते आणि पुष्कळशी इंजिनात घालवता येते. आणि इथेच डीएसजीवाल्यांची गंमत होते. गाडी डी मध्ये ठेवली की गिअरबॉक्स पेट्रोल वाचवायला शक्य तेवढा वरचा गिअर धरून बसतो, उतारावर चौथा पाचवा, इंजिन हजार-बाराशे आरपीएमवर आणि सगळा भार पुढच्या दोन डिस्कवर. तुम्ही डी मध्येच उतरलात ना? पत्रात लिहिलं नाहीत पण पैज लावतो. लिव्हर बाजूला ढकला, मॅन्युअलमध्ये दुसरा किंवा तिसरा गिअर धरा, आरपीएम तीन-साडेतीन हजार झाले म्हणून घाबरू नका, पाय ॲक्सिलरेटरवर नसेल तर इंजिनात पेट्रोलही जात नाही. आणि ब्रेकवर पाय नुसता ठेवून घासत उतरू नका, स्पीड वाढला की एकदा नीट दाबून कमी करा आणि सोडून द्या. न्यूट्रल करून उतरणारे महाभाग अजून आहेत, त्यांना काय सांगणार.

आता मोठ्या डिस्कचं. लोकांना वाटतं मोठी डिस्क म्हणजे गाडी कमी अंतरात थांबते. नाही थांबत. सपाट कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारून बघा (मागे कोणी नाही ना बघून!), पायाखाली एबीएसची (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर आली तर त्याचा अर्थ ब्रेककडे अजून जोर शिल्लक आहे पण टायरकडे पकड शिल्लक नाही. १०० वरून थांबायला चांगल्या कोरड्या डांबरावर ४४ मीटर लागत असतील तर घासलेल्या, कडक झालेल्या टायरवर ४९-५० लागतील आणि पावसात पकड निम्म्यावर आली की ८८ च्या आसपास. हा हिशेब डिस्कच्या साइजने एक मीटरनेही हलत नाही. टायर कंपनीचेच म्हणताय, म्हणजे किमान नऊ-दहा वर्षांचे असणार, साइडवॉलवर चार आकडी कोड असतो, शेवटचे दोन आकडे वर्षाचे, वाचून बघा. पहिले पैसे तिथे.

मग मोठी डिस्क करते काय? दोन गोष्टी. पॅड केंद्रापासून लांब बसतो त्यामुळे तेवढ्याच दाबात जास्त टॉर्क मिळतो, २५६ वरून २८८ वर गेलात आणि कॅलिपरचा पिस्टन तेवढाच राहिला तर साधारण १५ टक्के, म्हणजे पाय थोडा हलका पडतो. आणि दुसरी, जी खरी कामाची आहे, लोखंड जास्त असतं. जाड तवा उशिरा तापतो तसं. साडेपाच किलोची डिस्क १०० वरून एकदा थांबताना अंदाजे ७० अंशांनी तापते, सात किलोची ५५ अंशांनी. एका ब्रेकला हा फरक कळणारही नाही, पण लागोपाठ दहा ब्रेक मारलेत की दीडशे अंशांचा फरक झाला, आणि तिथे साधा पॅड टिकेल की जळेल हे ठरतं. म्हणून ट्रॅकवर जाणाऱ्याला, रिमॅप करून (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवून) पळवणाऱ्याला मोठी डिस्क लागते. वर्षातून चारदा महाबळेश्वरला जाणाऱ्याला आधी बाकीचं नीट असावं लागतं.

बाकीचं म्हणजे काय, तर ब्रेक ऑइल. कधी बदललं आठवत नाही हे वाचून मी डोक्याला हात लावला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, रबरी होजमधूनसुद्धा, आणि आपल्याकडे चार महिने पाऊस. डॉट ४ ताजं असताना २३० अंशांना उकळतं, पाणी प्यायलेलं १५५ ला. डॉट ५.१ घेतलंत तर २६० आणि १८०. दर दोन वर्षांनी बदलायचं, चारही चाकांतून काढायचं, नुसतं टाकीत वरून भर घालून बिल लावणारी गॅरेजं आहेत, समोर उभं राहून जुनं काळपट ऑइल बाहेर येताना बघा. ५.१ आणि नुसतं ५ यात गफलत करू नका, ५ सिलिकॉनचं असतं, ते आपल्या एबीएसवाल्या गाडीत घालायचं नाही. या वेळी तुमचे पॅड आधी गेले म्हणून वाचलात, ऑइल आधी उकळलं असतं तर पायडल फ्लोअरला टेकलं असतं.

मग पॅड. आहेत ते एकदा जळलेत, वरचा थर काचेसारखा झाला असेल, काढून टाका. जास्त तापमान सोसणारे रस्त्यावरचे पॅड घ्या, ट्रॅकचे नको, ते थंड असताना धरत नाहीत आणि सकाळी सोसायटीच्या गेटवर किंचाळतात. डिस्कची जाडी २२ भरली म्हणताय, १९ पर्यंत चालते, म्हणजे डिस्क ठणठणीत आहेत. नवे पॅड बसवल्यावर ६० वरून १५ पर्यंत मध्यम ब्रेक असं आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, मग दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून थंड होऊ द्या. गॅरेजवाला हे कधीच सांगत नाही.

एवढं करून वर्षभर चालवा. तरीही हौस असेल, आणि हौसेला मी नाही म्हणणारा कोण, तर ३१२ नाही, २८८ मिमी आणि २५ जाडीची घ्या. परदेशातल्या त्याच पिढीच्या पोलो जीटीआयला फोक्सवॅगननेच पुढे २८८ दिली होती, म्हणजे या सांगाड्याला ती झेपते हे कंपनीनेच दाखवलंय. ३१२ ला किमान १६ इंची चाकं लागतात, तुमची १५ ची, म्हणजे चाकं-टायरचा खर्च वेगळा. २८८ साधारण १५ मध्ये मावते पण स्पोकच्या आतल्या बाजूला कॅलिपर घासतो का ते पुठ्ठ्याचा साचा कापून आधी बघा. होल्सचंही बघा, पोलोला ५ बोल्ट १०० मिमीवर आहेत, लॉरा, जेटा या गाड्यांची डिस्क ११२ ची, जुन्या बाजारातून ‘सेम आहे साहेब’ म्हणून आणाल तर बसणार नाही. आणि चाक काढून एक गोष्ट तपासा, पॅड वेगळ्या ब्रॅकेटमध्ये बसलेत की थेट नकलच्या (चाकाचं बेअरिंग धरणाऱ्या लोखंडी भागाच्या) कानात. थेट असतील तर नुसती डिस्क-कॅलिपर आणून भागत नाही, नकलसकट बदलावं लागतं, मग अलाइनमेंट आली, बेअरिंग आलं, खर्च दुप्पट.

चार पिस्टनच्या आकड्याला भुलू नका. समोरासमोरच्या पिस्टनमध्ये एका बाजूचेच मोजायचे. ३८ मिमीचे दोन म्हणजे २२.७ चौरस सेंटीमीटर, आणि साध्या सरकत्या कॅलिपरचा ५४ मिमीचा एकच पिस्टन २२.९. जोर तोच! मोठ्या पिस्टनचा कॅलिपर लावलात तर मास्टर सिलिंडर (पायडलमागचा ऑइल ढकलणारा पंप) तोच असल्याने पायडल जास्त खाली जाणार, शिवाय पुढचे ब्रेक फार ताकदवान केले की पुढची चाकं लवकर लॉकला येतात, एबीएस लवकर जागा होतो आणि मागचे ड्रम नुसते बघत बसतात, म्हणजे एवढा खर्च करून थांबायचं अंतर उलट वाढूही शकतं.

आणि कागदपत्रं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्ही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल करण्याच्या विरोधात आहेत. डिस्कचा साइज आरसीवर नसतो हे खरं, पण अपघात झाल्यावर सर्व्हेयर चाकाच्या आत बघतोच. इन्शुरन्स कंपनीला आधी लेखी कळवा, उत्तर लेखीच घ्या, एजंटचं ‘काही होत नाही हो’ चालणार नाही.

प्रश्न : सर, माझी अबार्थ पुंटो आहे. ९० च्या वर ब्रेक लावला की स्टेअरिंग थरथरतं. मेकॅनिक म्हणतो डिस्क वाकली, मोठी टाकून घ्या, साधी मिळणारच नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : या गाडीचं उत्पादन बंद झालं त्यामुळे पार्टला वेळ लागतो हे मान्य, पण डिस्क अशी सहसा वाकत नाही. कसारा घाट उतरून तापलेल्या डिस्कवर सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहिलात की पॅडचा थर एकाच जागी चिकटतो, मग ती जागा वेगळी घासते आणि हळूहळू जाडी असमान होते. दुसरं कारण त्याहून साधं, डिस्क आणि हबच्या मधे गंज. डिस्क काढून हब वायर ब्रशने चकचकीत करा, डिस्क परत लावून डायल गेज (डिस्क फिरताना किती डगमगते ते काट्यावर दाखवणारं माप) लावायला सांगा, काटा ०.१ मिमीच्या आत राहिला पाहिजे. जास्त असेल तर लेथवर फिरवून घ्या, फक्त फिरवल्यावर जाडी डिस्कच्या कडेवर कोरलेल्या किमान आकड्याच्या वर राहिली पाहिजे. मोठी डिस्क त्याच गंजलेल्या हबवर लावलीत तर सहा महिन्यांत हेच पत्र परत पाठवाल.

प्रश्न : २०२० ची पोलो १.० टीएसआय. मागचे ड्रम काढून डिस्क करता येतील का? कोकणात पावसात ड्रम जाम होतात.
— रत्नागिरीहून

उत्तर : येतील, पण करू नका. मागची चाकं जोरात ब्रेक मारताना कामाचा पाव हिस्सासुद्धा जेमतेम करतात कारण सगळं वजन पुढे झुकतं. डिस्क करायच्या तर स्टब ॲक्सल, कॅलिपर, हँडब्रेकच्या केबल सगळं आलं, आणि एबीएसचं सेटिंग ड्रमसाठी केलेलं आहे ते वेगळंच. जाम होतात त्याचं कारण पावसात गाडी हँडब्रेक ओढून आठवडाभर उभी ठेवणं. सपाटीवर असाल तर गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक सोडून द्या. पावसाळ्याआधी ड्रम उघडून धूळ साफ करून शू ॲडजस्ट करून घ्या.

प्रश्न : होल पाडलेल्या डिस्क आणि लाल कॅलिपर, दोन्ही करायचंय. फायदा होतो का?
— कॉलेजकुमार, पुणे

उत्तर : लाल रंगाने फोटो चांगले येतात. होलवाल्या डिस्कना तापून-गार होऊन होलच्या कडेला बारीक तडे जातात आणि लोखंडही कमी भरतं, म्हणजे ज्यासाठी मोठी डिस्क घ्यायची तेच घालवून बसायचं. साधी व्हेंटिलेटेड (मधे हवेला पोकळी असलेली) डिस्क घे, फारच वाटलं तर खाचांची. कॅलिपरवर ते प्लास्टिकचे लाल कव्हर चिकटवू नकोस, आत उष्णता कोंडते आणि निसटलं तर चाकात अडकतं. रंग द्यायचा तर उष्णता सोसणारा घे, आधी ब्रेक क्लीनरने धू, आणि ब्लीड निपल (ऑइल काढायचा छोटा स्क्रू), पिनची रबरं यावर टेप लाव, नाहीतर पुढच्या वेळी ऑइल बदलताना निपल उघडत नाही आणि मेकॅनिक पाना लावून तो तोडून ठेवतो.