पाटे आधी की स्टिअरिंग आधी?

प्रश्न : नमस्कार सर, आमचं अंबड एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. पेठ-सुरगाण्याकडच्या काही पाड्यांपर्यंत उन्हाळ्यात टँकर चढतच नाही, म्हणून आम्ही तिघं मित्र मिळून फोर बाय फोर टँकर बनवतोय, जुन्या ट्रकची चेसिस लिलावात घेतली, टाकी 5000 लिटरची. मोठे टायर बसावेत म्हणून पुढचे पाटे (लीफ स्प्रिंग) बदलले, खाली ठोकळे टाकले आणि गाडी 6 इंच वर घेतली. आता खड्ड्यातनं गेलं की स्टिअरिंग आपोआप वळतं आणि जोरात ब्रेक मारला की गाडी एका बाजूला खेचते. मिस्त्री म्हणतो ड्रॉप आर्म (स्टिअरिंग बॉक्सला बसणारा दांडा) कापून वेल्डिंग मारतो, खाली वाकवून देतो, सगळं नीट होईल. करू का?
– एक वाचक, अंबड, नाशिक

उत्तर : नका करू. मिस्त्रींनी दुखणं बरोबर ओळखलंय पण औषध धोक्याचं आहे. ड्रॉप आर्म फोर्जिंगचा असतो, हीट ट्रीटमेंट केलेला, त्याला कापून वेल्डिंग मारलं की जोडाच्या शेजारचा भाग कडक आणि ठिसूळ होतो, तिथे बारीक चीर पडते जी बाहेरून दिसत नाही, आणि एक दिवस भरल्या टाकीनिशी घाट उतरताना तो तुटला तर हातात नुसतं चाक राहतं. ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक (ड्रॉप आर्मपासून चाकाकडे जाणारी दांडी), टाय रॉड (दोन्ही चाकं एकमेकांना जोडणारी दांडी), नकल (चाक ज्यावर वळतं तो भाग) या चार गोष्टींना वेल्डिंग लावायचंच नाही. खाली झुकलेला ड्रॉप आर्म लागणार असेल तर तसाच फोर्ज केलेला, तुमच्या स्टिअरिंग बॉक्सच्या स्प्लाइनला (शाफ्टवरच्या खाचांना) बसणारा शोधा, आणि हेही बघा की आर्म जितका खाली झुकेल तितका बॉक्सच्या शाफ्टवर जास्त पीळ येतो.

आता मूळ कारण. पाटा एका टोकाला पिनने पक्का आणि दुसऱ्या टोकाला शॅकलवर (झुलत्या कडीवर) असतो, त्यामुळे एक्सल सरळ वर-खाली जात नाही, पक्क्या टोकाकडच्या एका केंद्राभोवती कमानीत फिरते. त्या कमानीची त्रिज्या साधारण पक्क्या बाजूच्या अर्ध्या पाट्याच्या तीन चतुर्थांश धरायची. ड्रॅग लिंकसुद्धा ड्रॉप आर्मच्या बॉल जॉइंटभोवती स्वतःच्या कमानीत फिरते. या दोन कमानी जुळल्या तर खड्ड्यात स्टिअरिंग शांत राहतं, नाही जुळल्या तर जेवढा फरक तेवढी चाकं वळणार, ड्रायव्हरने काही केलं नाही तरी.

तुमच्या गाडीत काय झालं बघा. समजा ड्रॅग लिंक 1000 मिमी आहे आणि आधी आडवी होती. चाक 80 मिमी वर गेलं तर तिची आडवी लांबी साधारण 3 मिमी बदलायची. गाडी 150 मिमी वर घेतल्यावर लिंक तिरकी झाली, आता तेच चाक तेवढंच वर गेलं की फरक जवळपास 9 मिमी. नकलचा आर्म 200 मिमीचा धरला तर चाक आपोआप अडीच अंश वळलं! एक्सलची कमान यातलं थोडं कमी किंवा जास्त करते, म्हणून दोन्ही एकत्रच बघायचं. म्हणजे पाटे आणि स्टिअरिंग ही दोन वेगळी कामं नाहीतच, एकाच ड्रॉइंगवर बसवायची. आधी पाटे टाकून मोकळं व्हायचं आणि स्टिअरिंगचं नंतर बघू, असं बहुतेक ठिकाणी चालतं, आणि नेमकं तिथेच गणित बिघडतं.

ब्रेकचं खेचणंही याच घरातलं आहे. ब्रेक मारला की एक्सल चाक फिरण्याच्या दिशेने पिळते, पाटा एस आकारात वाकतो, एक्सलच्या वर असलेला नकलचा आर्म पुढे सरकतो आणि ड्रॅग लिंक त्याला मागे धरून ठेवते, झालं, चाक वळलं. एक्सल आणि पाट्याच्या मधला ठोकळा हा पीळ वाढवतो. पुढच्या एक्सलला ठोकळे नकोतच, आजच काढा. उंची हवीच असेल तर जास्त कमान असलेले पाटे करून घ्या, पण मी म्हणेन 6 इंचांचा हट्ट सोडा आणि 3 इंचांवर या. टाकी भरल्यावर गुरुत्वमध्य 1.5 मीटरवर आणि ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) 1.8 मीटर धरला तर कागदावर गाडी साधारण 31 अंशांच्या आडव्या उताराला कलंडते. 150 मिमी वर घेतली की हाच आकडा साडेअठ्ठावीसवर येतो, आणि टायर दबणं, पाटे झुकणं, पाणी हिंदकळणं धरलं तर प्रत्यक्षात त्याच्याही बराच आधी कलंडेल. सुरगाण्याकडचे कच्चे रस्ते एका बाजूला किती कललेले असतात ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

करायचं असं. दोन्ही बाजूंचा फक्त मेन पाटा ठेवून बाकीचे काढा म्हणजे एक्सल जॅकने सहज वर-खाली होईल. चेसिस स्टँडवर पक्की धरा. चाकाशेजारी पुठ्ठा उभा करा, ड्रॅग लिंकचा एक्सलकडचा बॉल जिथे येतो तिथे पेन्सिल धरा आणि बंप स्टॉपपासून (एक्सल वर जाऊन टेकते तिथपासून) पूर्ण लोंबेपर्यंत दर 20 मिमीला खूण करा. त्या खुणांतून जाणाऱ्या कमानीचं केंद्र काढा. ड्रॉप आर्मचा बॉल त्या केंद्राच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा, मग स्टिअरिंग बॉक्स सरकवावा लागला तरी चालेल. बॉक्स पुढे आणि पाट्याचं पक्कं टोकही पुढे असेल तर हे सोपं जातं. बॉक्स पुढे पण शॅकलही पुढे असेल तर दोन्ही कमानी उलट्या फिरतात, मग कितीही आर्म वाकवा, पूर्ण जुळणार नाही. बॉक्स हलवला तर चेसिसला आतून प्लेट द्या आणि चेसिसच्या पलीकडच्या बाजूला जोडणारा क्रॉस मेंबर टाका, नाहीतर चेसिसची भिंतच लचकते आणि स्टिअरिंग सैल वाटतं.

जोर किती येतो तेही मोजा. उभ्या गाडीत चाक वळवायला लागणारा टॉर्क काढायचं जुनं सूत्र आहे : एक्सलवरच्या वजनाचा घन भागिले टायरचं प्रेशर, त्याचं वर्गमूळ, गुणिले घर्षणाचा एक तृतीयांश. पुढच्या एक्सलवर 4 टन, प्रेशर 6 बार, घर्षण 0.7 धरलं तर साधारण 2400 न्यूटन मीटर येतो. आता चिखलासाठी हवा 2.5 बारवर आणली की तोच आकडा 3700 च्या पुढे जातो, म्हणजे 200 मिमीच्या आर्मवर ड्रॅग लिंकला जवळपास 1.9 टनांचा जोर. आणि चाक दगडात अडकलं असताना ड्रायव्हरने दाबून फिरवलं तर पॉवर स्टिअरिंग रिलीफ व्हॉल्व्ह उघडेपर्यंत ढकलतच राहतं, म्हणून लिंक बॉक्सच्या कमाल जोरावरच डिझाइन करा. लिंक उगाच लांब करू नका, दांडी 1 मीटरवरून दीड मीटर केली की वाकण्याविरुद्धची ताकद निम्म्याहून खाली येते.

मागचे पाटे. तुमची गाडी जाताना भरलेली आणि येताना रिकामी. पाट्यांवर भरल्यावर साडेसहा टन येतात आणि पाटे 100 मिमी दबतात असं धरा, सेकंदाला साधारण 1.6 हेलकावे, ठीक. रिकामी झाली, दीड टन राहिलं, की तेच पाटे फक्त 23 मिमी दबलेले असतात आणि हेलकावे 3.3 वर जातात, मागची चाकं दगडांवर उडत येतात आणि पकड जाते. म्हणून मेन पाटे नरम ठेवा आणि वर हेल्पर पाटा द्या, जो निम्मी टाकी भरल्यावरच टेकेल. पाणी हिंदकळू नये म्हणून टाकीत आडवे पडदे हवेतच. टाकी चेसिसला चार कोपऱ्यांत घट्ट आवळू नका, पुढे एक मध्यावर फिरणारा आणि मागे दोन असे तीन आधार द्या, कारण दगडांवर चेसिस पिळली पाहिजे आणि टाकी पिळली नाही पाहिजे.

आणि एक, गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणार असाल तर पुढचा खर्च करायच्या आधी आरटीओत जा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 खाली असे बदल परस्पर करता येत नाहीत, जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते स्पष्ट केलंय.

प्रश्न : देवळाली कॅम्पकडे लष्कराचे ट्रक बघतो, त्यातही पाटे दिसतात. कॉइल स्प्रिंग जास्त चांगले ना, मग ते का नाही वापरत?
– एक वाचक, भगूर

उत्तर : पाटा वजनही उचलतो आणि एक्सलला जागेवरही धरतो, शिवाय तुटला तर गावातल्या लोहाराकडेही दुरुस्त होतो. कॉइल नुसतं वजन उचलते, एक्सल धरायला वेगळ्या दांड्या लागतात. पण कॉइल वापरतात हो, मर्सिडीजच्या युनिमॉग ट्रकला कॉइलच असतात आणि चढ-उतारात त्यांची चाकं फार छान खाली-वर होतात. टाट्रा या चेक कंपनीने तर 1923 पासूनच वेगळा मार्ग धरला, मधोमध नळीची चेसिस आणि तिला जोडलेल्या, स्वतंत्र वर-खाली होणाऱ्या अर्ध्या एक्सल. तुम्ही स्वतः पुढे कॉइल टाकणार असाल आणि ड्रॅग लिंक डावीकडून उजवीकडे जाणारी असेल तर पॅनहार्ड रॉड (एक्सलला बाजूला सरकू न देणारी दांडी) आणि ड्रॅग लिंक एकमेकांना समांतर आणि शक्य तितक्या सारख्या लांबीच्या ठेवा, म्हणजे दोघी एकाच कमानीत फिरतील. पॅनहार्डचा चेसिसवरचा ब्रॅकेट स्टिअरिंग बॉक्सच्याच बाजूला घ्या, आणि ही दोन टोकं ठरल्यावरच स्प्रिंगची ऑर्डर द्या.