टेबल सॉवर काम करताना हातमोजे घातले, तर हात सुरक्षित राहतात का?

आपण फोंड्याजवळ सुतारकामाची लहान कार्यशाळा सुरू करत आहात आणि हातमोजे पुरेसे होतील का, असे विचारले आहे. टेबल सॉमध्ये टेबलाच्या फटीतून वर आलेले गोल पाते वेगाने फिरत असते; अशा फिरत्या पात्याजवळ हातमोजे मुळीच घालू नयेत. त्यांची कड दातांत अडकली, तर बोटाबरोबर संपूर्ण हात आत ओढला जातो.

अनेक गंभीर जखमांमागे ‘किकबॅक’ असतो. फळी पात्याच्या मागच्या, वर येणाऱ्या दातांवर अडकली की ती क्षणार्धात कामगाराच्या दिशेने फेकली जाते आणि तिला दाबून धरणारा हात पात्यावर जाऊ शकतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलावा धरलेली फणसाची किंवा आंब्याची फळी चिरताना विशेष जपावे, कारण लाकडातला ताण मोकळा होऊन चीर मागे मिटते व पाते आवळले जाते. ही चीर उघडी ठेवणारी, पात्याबरोबर वरखाली होणारी रायव्हिंग नाइफ (पात्यामागे बसवलेली धातूची पट्टी) अडचण वाटते म्हणून काढून ठेवतात, हे मला अत्यंत धोक्याचे वाटते.

पात्याचे दात फळीच्या वर जेमतेम ५ ते १० मिलिमीटर ठेवावेत, पात्याच्या सरळ रेषेत उभे राहू नये आणि फळीची रुंदी १५ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास ती पुश स्टिकनेच (हाताऐवजी वापरायच्या ढकलकाठीनेच) ढकलावी. पात्याजवळ अडकलेला तुकडा मशीन पूर्ण थांबल्यावरच उचलावा. पाते बदलण्यापूर्वी प्लग काढावा. तरीही बोट तुटलेच, तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे, ती पिशवी बर्फात ठेवावी आणि लगेच १०८ वर फोन करावा.