रेलरोडच्या नोकरीत इजा झाली तर

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

इथल्या रेलरोडमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या रेल्वे कंपनीत, कंडक्टरचं प्रशिक्षण पुरं करून तू यार्डात रुजू झालास, हे तुझ्या बाबांनी फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "तिकडे काही इजाबिजा झाली तर कंपनी भरपाई देतेच ना?" फोनवर मी हो-हो म्हणून वेळ मारून नेली नाही, मुलालाच सविस्तर लिहितो म्हणालो. म्हणून हे पत्र.

भुसावळच्या यार्डात ज्यांची हयात गेली, त्यांना असं वाटणं साहजिक आहे. त्यांच्या काळी तिथे लागू असलेला १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा चूक कुणाची हे सहसा विचारत नसे. कामावर असताना, कामामुळे इजा झाली एवढं दिसलं की वय, पगार आणि तक्ता यांवरून आकडा निघायचा. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली, असं त्या तक्त्यातच छापलेलं होतं. अमेरिकेतही गोदामात, कारखान्यात, हॉटेलात राबणाऱ्यांसाठी राज्याराज्यांत 'वर्कर्स कॉम्प' नावाची साधारण अशीच सोय आहे. रेलरोडचा कामगार मात्र तिच्यात येत नाही. त्याच्यासाठी १९०८ चा वेगळा संघीय कायदा आहे, फेडरल एम्प्लॉयर्स लायबिलिटी ॲक्ट. यार्डात सगळे त्याला 'फेला' म्हणतात. त्यात नुसतं लागलं म्हणून पैसे मिळत नाहीत. रेलरोडचा हलगर्जीपणा होता आणि त्यामुळे लागलं, हे आपल्याला दाखवून द्यावं लागतं. दाखवता आलं तर भरपाईला तक्त्याची मर्यादा नाही: बुडालेला पगार, पुढे बुडणारा पगार, औषधपाणी, सोसलेल्या वेदना, सगळं धरलं जातं. दाखवता आलं नाही, तर या कायद्याखाली काहीच नाही.

मी वकील नाही. डबे तपासणारा कारमन म्हणून नोकरी केली आणि युनियनच्या लोकलमध्ये, म्हणजे स्थानिक शाखेत, जखमी सभासदांचे कागद पाहत आलो. त्यातून जे पक्कं कळलं तेवढंच लिहितो.

आधी कायदा कसा आला ते ऐक. एकोणिसाव्या शतकात दोन डबे जोडायला कडी आणि खीळ असायची. एक डबा उभा, दुसरा त्याच्यावर चालून येतोय, आणि मधल्या जागेत उभा राहून ब्रेकमन हाताने कडी धरून खीळ घालतोय. बोटं तुटायची, पंजे चिरडायचे, माणसं जागच्या जागी मरायची. आपोआप जुळणाऱ्या कपलरचं पेटंट जॅनी नावाच्या माणसाने १८७३ मध्येच घेतलं होतं. तो सगळ्या गाड्यांना बसावा म्हणून काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, कायदा करावा लागला तो १८९३ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. त्याआधी १८८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी काँग्रेसला बजावलं होतं की, या कामगारांच्या जिवाला लढाईवरच्या सैनिकाइतका धोका असणं हे आपल्या संस्कृतीला लांच्छन आहे. तुझ्या गाडीचा कपलर आज नुसत्या धक्क्याने जुळतो, त्यामागे असे कितीतरी हात गेलेले आहेत.

हात गमावलेला माणूस कोर्टात गेला तरी बहुधा हरायचा. कंपनीचे तीन बचाव ठरलेले असत. त्याचीही थोडी चूक होती. धोका माहीत असून त्याने ही नोकरी धरली. आणि चूक कंपनीची नव्हे, बरोबरच्या कामगाराची होती. १९०६ चा पहिला कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. १९०८ मध्ये काँग्रेसने तो आंतरराज्य वाहतुकीपुरता बेतून पुन्हा आणला, तो टिकला. तेव्हापासून सहकाऱ्याची चूक ही कंपनीचीच चूक धरतात. आपली चूक असली तर भरपाई त्या प्रमाणात कापली जाते, पण बुडत नाही. ज्यूरीने, म्हणजे खटला ऐकणाऱ्या सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाने, नुकसान १० लाख डॉलर ठरवलं आणि तुझा दोष ३० टक्के धरला, तर हातात ७ लाख येतात. 'धोका माहीत होता' हा बचाव तर १९३९ च्या दुरुस्तीने पार मोडीत निघाला.

हलगर्जीपणा किती दाखवायचा? इथे मला रॉजर्सच्या खटल्याबद्दल थोडं विस्ताराने लिहावंसं वाटतं, कारण तो तुझ्या-माझ्यासारख्याच माणसाचा आहे. रॉजर्स हा मिझुरी पॅसिफिकच्या रुळांवर काम करणारा मजूर. हातातल्या साध्या मशालीने रुळांकडेचं गवत जाळायचं काम त्याला दिलेलं. गाडी आली की बाजूला होऊन तिच्या आसाचे सांधे तापून धूर तर येत नाही ना, हे पाहायचं, हेही कामच. गाडी आली, तो बाजूला झाला. गाडीच्या वाऱ्याने आग भडकली आणि ज्वाळा त्याच्या अंगावर आल्या. तो मागे सरला, तिथे मोरी होती, मोरीवर उतरती सुटी खडी. पाय घसरून तो खाली पडला आणि जबर जखमी झाला. ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला. मिझुरीच्या वरच्या कोर्टाने तो फिरवला. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्यूरीचा कौल परत कायम केला आणि कसोटी सांगितली: इजा होण्यात रेलरोडच्या हलगर्जीपणाचा अगदी किंचितसा जरी वाटा असला, तरी ते पुरे. २०११ मध्ये मॅकब्राइड नावाच्या इंजिन चालकाच्या खटल्यात हीच कसोटी पाच विरुद्ध चार मतांनी टिकली. ज्यूरीने त्याचा स्वतःचा दोष एक तृतीयांश धरला होता, तरी तो जिंकला.

किंचितसा वाटा पुरतो, पण तो वाटा कुठेतरी लिहिलेला लागतो. माझं सगळं सांगणं यापाशी येऊन थांबतं.

इजा झाली की रेलरोडचा एक फॉर्म भरावा लागतो. शिफ्ट संपत आलेली, गुडघा सुजलेला, फोरमन शेजारी उभा, घरी जायची घाई. फॉर्मवर एक रकाना असतो, अपघात कसा झाला; आणि बहुतेक ठिकाणी दुसरा, अपघाताचं कारण काय. माझ्या माहितीतल्या एका कारमनने पहिल्यात लिहिलं, "चालताना पाय मुरगळला," आणि दुसरा कोरा ठेवला. खरं काय होतं? दोन रुळांच्या मधल्या पायवाटेवर बारीक खडी हवी, तिथे मेन लाइनची मुठीएवढी खडी ओतलेली होती. खांबावरचा दिवा बंद होता आणि त्याची तक्रार आधीच गेलेली होती. माणूस प्रामाणिक, फॉर्मवरचं वाक्यही खोटं नव्हतं. पण पुढे त्याच्या वकिलाने खडीचा विषय काढला, तेव्हा समोरच्या वकिलाने तो फॉर्म ज्यूरीपुढे धरला आणि विचारलं, खडीमुळे पडलात तर त्या रात्री तसं लिहिलं का नाहीत? तोपर्यंत खडी बदलली होती, दिवाही लागला होता.

म्हणून तू लिहिताना जागा लिही: कितवा ट्रॅक, कोणत्या स्विचजवळ. पायाखाली काय होतं ते लिही. डब्याचा नंबर लिही. हँडब्रेक अडकत होता, पायरी वाकलेली होती, रेडिओ नीट ऐकू येत नव्हता, तिघांचं काम दोघांना दिलं होतं, जे खरं असेल ते कारणाच्या रकान्यात गेलं पाहिजे. कोण जवळ होतं त्यांची नावं घाल. फॉर्मची प्रत घेतल्याशिवाय हलू नकोस. लिहिण्याच्या अवस्थेत नसलास, तर आधी हॉस्पिटल, फॉर्म नंतर. आणि फोरमनने स्वतःच्या शब्दांत भरलेल्या फॉर्मवर तर मुळीच सही करू नकोस. जमेल तितक्या लवकर कुणाला तरी सांगून त्या जागेचे फोटो काढून घे. खोटं किंवा वाढवून एक अक्षरही लिहू नकोस. खरं सगळं लिही, एवढंच म्हणतो.

डब्याच्या नंबरावर मी इतका जोर का देतो? कपलर धक्क्याने जुळला नाही, हँडब्रेक नादुरुस्त निघाला, धरायची दांडी सैल होती, तर तो १८९३ पासूनच्या सुरक्षा कायद्याचा भंग होऊ शकतो. तसं सिद्ध झालं तर कंपनीचा हलगर्जीपणा वेगळा दाखवावा लागत नाही आणि तुझ्या चुकीपोटी एक पैसाही कापला जात नाही. नंबर नसला तर तो डबा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या राज्यात गेलेला असतो. मग शोधायचं कुठे?

एक-दोन दिवसांत क्लेम एजंटचा फोन येईल. माणूस गोड बोलेल, विचारपूस करेल, टेप लावून जबाब घ्यायचा आहे म्हणेल. त्याच्याशी उद्धटपणे वागायचं कारण नाही, पण तो कंपनीचा माणूस आहे आणि त्याचं काम दावा कमीत कमीत मिटवणं हे आहे. आधी लोकल चेअरमनला फोन कर. औषधांच्या गुंगीत तर जबाब देऊच नकोस. तुझ्या सोबत्यांना 'काही बोललात तर याद राखा' असं कुणी दटावत असेल, तर तेही या कायद्याला मान्य नाही. जखमी माणसाला आपणहून माहिती देण्यापासून कामगाराला रोखणारा कोणताही नियम रद्दबातल आहे.

पोरं इजा लपवतात, हे मला सगळ्यात जास्त लागतं. नवीन नोकरी, नोंद केली तर रेकॉर्ड खराब होईल, वरचा साहेब डोळ्यांवर धरेल, ही भीती खोटी नाही. पण इजा कळवली, किंवा डॉक्टरने सांगितलेली विश्रांती घेतली, म्हणून कामगाराला शिक्षा करणं संघीय कायद्याने सरळ बेकायदा ठरवलं आहे. उपचाराला उशीर करणं, त्यात आडकाठी घालणं यालाही मनाई आहे. असं घडलं तर ओशाकडे, म्हणजे कामगारांच्या सुरक्षेच्या संघीय खात्याकडे, १८० दिवसांत तक्रार करायची असते. ही मुदत फेलाच्या मुदतीपेक्षा फार लहान आहे, दोन्हींची गल्लत करू नकोस. डॉक्टर तुझ्या पसंतीचा निवड, आणि त्याला जे सांगशील ते फॉर्मशी जुळणारं असू दे. "कसं लागलं?" याचं तिथे दिलेलं उत्तरही कागदावर येतं.

फेलाचा दावा निकाली निघायला महिने, कधी वर्षं लागतात. तोवर घर चालवायला रेलरोड रिटायरमेंट बोर्डाचा, म्हणजे रेल्वे कामगारांची पेन्शन पाहणाऱ्या सरकारी बोर्डाचा, आजारपणाचा भत्ता मिळू शकतो. बोर्डाचं मुख्यालय इथेच शिकागोत आहे. दाव्याचे पैसे आले की त्या इजेपोटी दिलेला भत्ता बोर्ड त्यातून परत घेतं, हे हिशोबात धर. आणि बुडालेल्या पगारापोटी मिळालेल्या रकमेवर रेलरोड रिटायरमेंटचा कर लागतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे. तडजोडीच्या कागदावर कोणती रक्कम कशापोटी, हे म्हणूनच वाचून घ्यावं लागतं. मी दावा करणार नाही, असं आधीच लिहून घेतलं असेल तर त्याला कायद्यात किंमत नाही. पण इजा झाल्यावर चेक घेऊन रिलीजवर, म्हणजे दावा सोडल्याच्या कागदावर, केलेली सही सहसा मोडता येत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन लागणार की नाही हे डॉक्टरलाच कळलेलं नसताना सही करायची नाही, चेक कितीही मोठा दिसो.

दाव्याची मुदत तीन वर्षं. हळूहळू चढणाऱ्या दुखण्यांचं काय, असं तू विचारशील. यूरी नावाचा इंजिनावरचा फायरमन जवळजवळ तीस वर्षं, चाकं घसरू नयेत म्हणून इंजिनातून रुळांवर सोडतात त्या वाळूची धूळ श्वासात घेत राहिला आणि त्याची फुप्फुसं गेली. १९४९ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की अशा आजारालाही फेला लागू आहे आणि मुदत आजार कळला तेव्हापासून धरायची. पण 'कळला' याचा अर्थ 'कळायला हवा होता' असाही लावतात. तेव्हा कानात सतत गुणगुण सुरू झाली, किंवा खांदा रात्री झोपू देईना, तर 'वयाचं आहे' म्हणून वर्षानुवर्षं ढकलत राहू नकोस.

वकील फेलाच जाणणारा हवा. मोटार अपघातांचे दावे करणारा कितीही नावाजलेला असला तरी इथे अडखळतो. युनियनने अशा वकिलांची नावं सभासदांना सुचवावीत की नाही, यावरही लढाई झाली आणि तसा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये ट्रेनमेनच्या ब्रदरहूड या युनियनच्या खटल्यात सांगितलं. तुझ्या लोकलकडे ती यादी असेल. फी बहुधा मिळालेल्या रकमेतून ठरलेला हिस्सा असते, तो किती हे आधी लेखी घे.

सूनबाईंना यातलं एवढं तरी सांगून ठेव की लोकल चेअरमनचा नंबर कुठे आहे, आणि तू हॉस्पिटलात असताना कंपनीचा माणूस कागद घेऊन आला तर त्यांनी कशावरही सही करायची नाही. ऐकायला बरं वाटत नाही, तरी सांग.

या आठवड्यात ऑफिसातून इजेच्या फॉर्मची एक कोरी प्रत मागून घे. शनिवारी फोन कर, आपण दोघं मिळून तो एकदा रकान्यारकान्याने भरून पाहू.

तुझा,
काका