शनिवारी रात्री अकरा वाजता

पत्र: गोव्यात वास्कोतल्या आमच्या मराठी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंच कमिटीचा मी अध्यक्ष. पाळकसाहेबांची बदली झाल्यापासून सगळं माझ्यावरच आहे. रोज पहाटे पाचला गुडघे टेकतो. देवाने दाखवलं तसं उपासनेची वेळ संध्याकाळी पाचवरून सकाळी साडेसातला आणली. असे निर्णय शनिवारी रात्री अकराला ग्रुपवर टाकतो, म्हणजे रविवारी वाद होत नाही. तरी कुरकुर आहेच. हजेरी निम्म्यावर आली, खजिनदार काका यायचेच थांबले. लोक ऐकत नसताना पुढाऱ्याने नम्र कसं राहावं?

भाऊ, तुमच्या पहाटेच्या पाचबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला बोलायचंय ते रात्रीच्या अकराबद्दल. देवाचाच निर्णय असेल, तर तो लोक झोपल्यावर का टाकावा लागतो?

बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक पुन्हा काढा, पहिले दोन अध्याय. यरुशलेमेची पडलेली भिंत बांधणारा हा नहेम्या. किसलेव ते निसान या यहुदी महिन्यांत, म्हणजे चारेक महिने त्याने प्रार्थना केली. यरुशलेमेत पोचल्यावर तीन दिवस गप्प राहिला. मग रात्री मोजकी माणसं घेऊन निघाला आणि पडलेली भिंत, जळालेल्या वेशी स्वतः पाहिल्या. एका जागी तर त्याच्या जनावराला पुढे जायला वाट उरली नव्हती. देवाने आपल्या मनात काय घातलंय हे तोवर त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. पाहून झाल्यावर मगच तो लोकांसमोर उभा राहिला, आणि ‘चला, बांधू’ म्हणाला. रात्री तोही जागा होता, पण पाहणीसाठी!

तुम्ही काय पाहिलंत? बोगमाळोच्या हॉटेलांत रूम सर्व्हिसला असलेली पोरं रविवारी सकाळी सातला कामावर हजर असतात. सीझनमध्ये तर त्यांना रविवार कधी मिळतच नाही. किचनमधल्यांची ब्रेक शिफ्ट असते. दुपारी तीनला सुटतात, संध्याकाळी सातला परत उभे राहतात. त्यांच्यासाठी पाचची उपासना तेवढीच जमण्यासारखी होती. बायनाहून येणाऱ्या म्हाताऱ्यांना सकाळची वेळ जमते का, हे तरी विचारलंत का? हजेरी निम्मी झाली ती इथे. त्याला बंडखोरी म्हणू नका.

‘देवाने दाखवलं’ म्हटलं की समोरच्याला दोनच वाटा उरतात: मान डोलवायची, नाहीतर घरी बसायचं. काका घरी बसले. (रुसून बसणं शोभत नाही, पण ते त्यांच्या पत्राला सांगेन.) प्रेषितांची कृत्ये, पंधरावा अध्याय बघा. तिथे आधी पुष्कळ वादविवाद झाला. पेत्र बोलला, बर्णबा आणि पौल बोलले, याकोब सगळ्यात शेवटी बोलला. ‘पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटले’ हे शब्द त्यानंतरच्या पत्रात आले. तुमच्या मेसेजमध्ये ‘आम्हाला’ कुठेच नाही.

आता एकच करा, आणि शनिवारची वाट न पाहता आजच, उजेडी. ग्रुपवर लिहा: ‘वेळेचा निर्णय मी मागे घेतो. रविवारी पाचलाच उपासना, नंतर सगळे बसू.’ वचन जोडू नका, कारण देऊ नका, देवाचं नाव घेऊ नका. रविवारी वही घेऊन बसा आणि प्रत्येकाची शिफ्ट लिहून घ्या. तुम्ही सगळ्यात शेवटी बोला. पाचच ठरली, तर पाच.

मात्र काकांना हे ग्रुपवरून कळू देऊ नका. मेसेज टाकण्याआधी त्यांच्या घरी जा, आणि तिथे प्रार्थना सुरू करायची घाई करू नका. आधी त्यांना बोलू द्या.