अंघोळीचं पाणी कोण आणतं?

पूर्व झांबियातल्या चिपाटाजवळच्या एका खेड्यातून सोलापूरच्या तेवीस वर्षांच्या मुलीचं पत्र आलंय. ती तिथल्या शाळेत स्वयंसेवक म्हणून शिकवते आणि गावातल्याच एका कुटुंबात राहते. घरातली अमाई, म्हणजे तिथल्या भाषेत आई, न विचारता खोलीत येते, अंधार पडल्यावर बाहेर सोडत नाही, दोन्ही वेळा न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, खाऊन जीव विटलाय, असं ती लिहिते. चिपाटात तिने भाड्याची खोली बघून ठेवली आहे. अमाईचं मन न दुखवता निघायचं कसं, हा तिचा प्रश्न.

मुली,

तुझ्या चार पानी पत्रातल्या एका ओळीपाशी मी अडकले आहे. ‘बाकी सोय चांगली आहे, सकाळी सहाला गरम पाण्याची बादली दाराशी असते, धाकटी आणून ठेवते.’ धाकटी अकरा वर्षांची आहे, तुझ्याच शाळेत आहे, हेही तूच लिहिलंयस. आणि पुढच्या पानावर लिहितेस, ‘मुली पहिल्या तासालाच पेंगतात, यांना शिकायची ओढच नाही.’

या दोन ओळी तू शेजारी ठेवून वाचल्या नाहीस. मला याचा राग आला आणि तो मी लपवणार नाही.

सहाला पाणी गरम हवं तर चूल पाचला पेटायला हवी. त्याआधी हापशावर नंबर लावायचा, बादली भरायची, चितेंगेची, म्हणजे तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात त्या कापडाची, चुंबळ करून ती डोक्यावर घ्यायची. वीस लिटर म्हणजे वीस किलो. जून-जुलैत तिथल्या पहाटे चांगल्याच गार असतात. संस्था पैसे देते, म्हणशील. ते अमाईच्या हाती जातात, पोरीची झोप त्यातून परत येत नाही.

तू सोलापूरची आहेस म्हणून आणखी एक सांगते. झांबियात खेडोपाडी इंडिया मार्क २ जातीचे हापसे आहेत. हा पंप १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने घडला, आणि त्याचा पाया होता आपल्याकडचा ‘सोलापूर पंप’. आधीचे ओतीव लोखंडाचे पंप गावभराच्या वापराला टिकत नव्हते, सारखे मोडून पडायचे, म्हणून तो निघाला. तुझ्या गावाचं नाव ज्या पंपाला होतं, त्याच्या वंशातल्या दांड्याला ती पोर कदाचित रोज पहाटे लोंबकळत असेल, आणि तू कुडाच्या मोरीत ते पाणी अंगावर घेतेस.

बहात्तरच्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. आमच्याकडे मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांना मी विहिरीचं पाणी आणून द्यायचे. एकानेही कधी विचारलं नाही की पोरी, हे किती लांबून आणलंस. अजून ते आठवतं.

अमाई अंधारात बाहेर सोडत नाही, कारण परक्या मुलीची जबाबदारी तिने अंगावर घेतली आहे. तुझी आई वेगळं काय करते? न्शिमाचं म्हणशील तर हातात घोळून शेंगदाण्याच्या कुटातल्या भाजीबरोबर खा. सोलापूरच्या मुलीला शेंगदाण्याचं कूट परकं वाटू नये.

चिपाटाची खोली सोड. उद्या पहाटे धाकटीच्या आधी ऊठ, बादली उचल आणि हापशावर जा. अमाईला आधी विचारू नकोस, पाहुणीला ती होकार देणारच नाही. ती बादली ओढून घेईल, घेऊ देऊ नकोस. बायका हसतील, निम्मं पाणी तुझ्या अंगावर सांडेल, मान दुखेल. तरी परवा पुन्हा जा. पाणी गार असलं तर गारच घे, पण तुझं पाणी यापुढे तूच आणायचं.

आठवडाभराने मला लिही, धाकटी पहिल्या तासाला जागी होती का ते. खोलीचं मग बोलू.